सर्जाच्या पट्ट्याची मूठ

साताऱ्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये माझ्या नवऱ्याचा फोटो आहे आणि त्याखाली त्यांची गळाची काठी टांगलेली आहे. दमट हवेत तिच्या मुठीचं कातडं ओलावतं आणि दिवाणखान्यात गोठ्याचा वास येतो.

त्या वासानं मी कडेगावच्या अंगणात जाते. हे फौजेतून कायमचे घरी आले होते. लग्नात माहेरच्यांनी माझ्याबरोबर वासरू असताना धाडलेला सर्जा बैल नुकताच मेला होता. मी वैरण घेऊन आले, तर त्याच्या गळ्यातला चामडी पट्टा घमेल्यात भिजत होता. घुंगरं उसवून मातीत टाकली होती.

"आवं, त्यो माज्या सर्जाचा हाय!"

"मेल्या बैलाला पट्टा कशाला लागतोय? वलं कातडं ताणून शिवलं की वाळल्यावर काठीला आवळून बसतं. धर हिकडनं."

मी धरलं. यांनी टाके घातले. संध्याकाळी मासे आणले, मी कालवण केलं.

आता फोटोपुढं दिवा लावला की मी त्या मुठीवरून हात फिरवते. सून डोळे पुसते. आईंचा बाबांवर किती जीव होता, असं पाहुण्यांना सांगते.

सांगू दे.