सत्तावीस श्वास, सात वेळा

सकाळी सहा वाजून बारा मिनिटं. दीपा मगदूम एका म्हाताऱ्याच्या कमरेचा चांदीचा करदोडा सोडवत होती, कारण त्याच्या स्वतःच्या बोटांना टोकाच्या दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. करदोडा, कवळी, चष्मा आणि बंडीच्या खिशातला अडकित्ता तिनं एका ट्रेमध्ये ठेवला.

"अडकित्ता आत गेला असता तर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"यंत्रानं ओढून घेतला असता, मामा. परत देत न्हाय ते."

दीपा राजारामपुरीतल्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचं यंत्र चालवते. वय एक्केचाळीस, नोकरीला सतरा वर्षं झाली. म्हातारा म्हणजे मुरगूडचे कल्लाप्पा चौगुले, वय एकाहत्तर. मानेतले मणके नसा दाबत होते. तीन महिन्यांपासून हातातून कपबशी पडत होती आणि गेल्या आठवड्यापासून उजवा पायही ओढायला लागला होता. ऑपरेशनची तारीख शुक्रवारची मिळाली होती, पण मानेचा एमआरआय पाहिल्याशिवाय सर्जन सुरी लावणार नव्हते. सोमवारी कल्लाप्पा यंत्रात गेले आणि घाबरून तीन मिनिटांत बाहेर आले. गुंगीचं औषध द्यावं, तर हृदय जेमतेम तीस टक्के काम करणारं. ऑपरेशन थिएटरची तयारी हाताशी नसताना ते द्यायला भूलतज्ज्ञांनी स्पष्ट नकार दिला. आज बुधवार होता. जागेपणी, वीस मिनिटं, न हलता, एवढा एकच रस्ता उरला होता.

मुलगा जिनेंद्र दारात उभा होता. "आण्णा, सोमवारसारखं करू नका. आत णमोकार मंत्र म्हणत ऱ्हावा. मोठ्यानं म्हणा, म्हणजे यंत्राचा आवाज जाणवायचा न्हाय."

"मग तूच जा की आत. मी हितं बसून म्हणतो."

यंत्राची पोकळी साठ सेंटिमीटर रुंद असते. मानेच्या तपासणीत तोंडावरून प्लॅस्टिकची जाळी बसवतात; ती नाकापासून चार बोटांवर येते. दीपानं जाळी बसवली, कानात बोळे घातले, धोक्याच्या वेळी दाबायचा रबरी फुगा उजव्या हातात दिला. बोटांत जोर नाही असं दिसल्यावर तो काढून डाव्या हातात दिला. मग ती काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली.

कल्लाप्पा आठ मिनिटं टिकले. फुगा दाबला नाही, हाक मारली नाही. पण पडद्यावर आलेले दोन्ही फोटो पाण्याखालून काढल्यासारखे होते. दीपानं यंत्र थांबवून त्यांना बाहेर घेतलं आणि जाळी उचलली.

"झालं?"

"न्हाय, मामा. फोटो हलले."

"मी हाललो न्हाय."

"जबडा हलला. तोंडानं म्हणत होता तुम्ही. एकेका शब्दाला गळा वरखाली होतो."

कल्लाप्पांनी मान वळवून मुलाकडं पाहिलं. जिनेंद्र छताकडं पाहत होता.

"म्हंजे आठ मिनिटं फुकट?"

"फुकट."

"मग न्हाय जमायचं आपल्याला. जिनू, गाडी काढ. हात गेलं तर गेलं."

दीपानं समजूत घातली नाही. घाबरू नका, हे वाक्य ती पेशंटला कधीच सांगत नाही. मार्च २०२३ मध्ये कागलहून कामावर येताना एसटीत तिची छाती अचानक धडधडायला लागली, ओठ बधिर झाले, आता आपण मरतो असं वाटलं. ती गोकुळ शिरगावला उतरून रस्त्याकडेला बसली. काकड्या विकणाऱ्या बाईनं पाणी दिलं, पित्त असेल म्हणाली. ईसीजी स्वच्छ निघाला. हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो धरून आजवर असे एकोणीस झटके आले. प्रत्येकाची तारीख आणि मिनिटं तिच्या फोनमध्ये आहेत. सर्वांत लांबलेला अकरा मिनिटांचा. केंद्रात हे कुणाला माहीत नाही. घरात फक्त सासूबाईंना माहीत आहे. घाबरू नको म्हटल्यानं एकही झटका लवकर संपलेला नाही.

"मामा, बस्तीत कायोत्सर्ग करता?" तिनं विचारलं. जैनांच्या देवळाला इकडं बस्ती म्हणतात; दीपाही तिथं जाते. कायोत्सर्ग म्हणजे अंग सैल सोडून, निश्चल राहून मनातल्या मनात नऊ वेळा णमोकार. एका णमोकाराला तीन श्वास, म्हणजे सत्तावीस.

"लहानपणापासनं करतोय की."

"तिथं ओठ हलतात?"

"तिथं कसं हालवायचं?" असं म्हणून ते थांबले. "हां."

"आता हितंच एक करून दाखवा. पडूनच. लांब श्वास न्हाय, नेहमीसारखा."

त्यांनी डोळे मिटले. दीपा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते.

"असे सात, की वीस मिनिटं झाली," ती म्हणाली. "फोटो पाच आहेत. प्रत्येक फोटोनंतर आवाज थांबतो, तेव्हा थुंकी गिळून घ्यायची. किती झाले, किती उरले, मी सांगीन."

"सातच? मी चातुर्मासात एका बैठकीला बारा केल्यात."

"मग अवघड काय हाय?"

"बस्तीत तोंडावर पिंजरा नसतोय," कल्लाप्पा म्हणाले आणि मान परत जाळीत ठेवली.

सहा सत्तावन्नला यंत्र सुरू झालं. पहिला फोटो स्वच्छ आला. दुसरा आला, तिसरा आला. काचेतून तिला कल्लाप्पांची फक्त पावलं दिसत होती.

चौथा फोटो चार मिनिटं अडतीस सेकंदांचा. तो सुरू झाला आणि दीपाचे ओठ बधिर झाले. कारण काहीच नव्हतं. कारण शोधणं तिनं केव्हाच सोडलं होतं. कानात रक्त वाजायला लागलं, खोली आखडली. समोर यंत्र थांबवायचं बटण होतं. ते दाबलं असतं तर ती दार उघडून मोकळ्या हवेत गेली असती, पण कल्लाप्पाही बाहेर आले असते आणि पुन्हा आत गेले नसते. तिनं उजवा हात मांडीखाली घेतला. चपला काढून दोन्ही तळवे थंड फरशीवर टेकवले. भीतीला जा म्हटलं नाही. ती चढेल, टिकेल आणि उतरेल, हे एकोणीस वेळा झालं होतं. श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडत ती मोजत राहिली. अठरावर आकडा हरवला. तिनं पुन्हा एकपासून धरलं.

आवाज थांबला. आता माईकवर बोलायला हवं होतं. बटण दाबण्याआधी तिनं एक पूर्ण श्वास सोडला.

"चार झाले, मामा. एक उरला."

शेवटच्या फोटोच्या मध्यावर छाती हलकी झाली. पडद्यावरच्या घड्याळाप्रमाणं सात मिनिटं गेली होती.

तिनं कल्लाप्पांना बाहेर घेतलं, जाळी काढली.

"जबडा?"

"न्हाय हलला."

"काय दिसतंय?"

"ते डॉक्टर सांगतील."

"तुला दिसतंय की."

"मला फोटो स्वच्छ आल्याला दिसतोय."

ती करदोड्याची गाठ बांधत असताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "मधी एकदा तुझा आवाज बारीक झालता."

दीपानं गाठ पुरी केली. "मीपण मोजत होते."

"चुकलीस काय कुठं?"

"अठरावर."

"माझं बी चुकतंय. पुन्हा पयल्यापासनं धरायचं," कल्लाप्पा म्हणाले आणि कवळी तोंडात बसवली.

नऊ चाळीसला रिपोर्टवर सही झाली. शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन, असा सर्जनच्या दवाखान्यातून निरोप आला. जिनेंद्र पाकीट घेऊन गेला. दीपानं फोनमध्ये विसावी नोंद केली: सात मिनिटं.

उद्याच्या यादीत पहिलं नाव साडेसहाला आहे. इरावती जोशी, शिक्षिका, वय चौतीस, मेंदूची तपासणी, पंचवीस मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात 'बंद जागेची भीती' असं लिहिलेलं आहे. केंद्र सहाला उघडतं आणि यंत्रावर दीपाची पाळी आहे.