बंद गाडीचं तेल

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली तेलकाका म्हणते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला वाटलं, जावयाचं तेलाचं दुकान असेल. दुकान कसलं डोंबलाचं! घराखालीच जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं गॅरेज. त्याही हवेवर थंड होणाऱ्या. त्यांना रेडिएटर नाही की पाणी नाही, इंजिन गार ठेवायचं ते वाऱ्याने आणि तेलाने. म्हणून तेल लागतं भरपूर, आणि त्याची टाकीही वेगळी. हे मला कसं ठाऊक? जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर दुसरं काही ऐकलंच नाही मी. कान किटले माझे.

"अगं, बदलताना सगळं तेल निघतच नाही," हे सांगायचे. "तेल गार करायच्या कूलरमध्ये, पाइपात थोडं राहतं. म्हणून आधी कमीच ओतायचं. गाडी फिरवून आणायची, चांगली तापली की सपाट जागेवर उभी करायची आणि इंजिन चालू ठेवूनच तेल मोजायची पट्टी बघायची. बंद गाडीत तेल टाकीतून खाली इंजिनात उतरतं. पट्टी कोरडी दिसते आणि माणूस आणखी ओतत बसतो." हे ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात चावी देत नसत. त्यांचा दोस्त कॅप्टन, पूर्वी विमानं चालवायचा तो, त्यालासुद्धा दर वेळी ऐकावं लागे.

त्याच कॅप्टनची गाडी गेल्या महिन्यात तेल बदलायला आली होती. मी दोघांचा चहा घेऊन खाली गेले, तर हे गाडीमागे वाकलेले. इंजिन गारढोण. पट्टी पुसली, बुडवली, पुन्हा पुसली आणि नरसाळ्यातून तेल ओतायला लागले.

"अहो, गाडी बंद आहे ना?"

"मग? पट्टी कोरडी आहे, दिसत नाही तुला?"

"अहो, पण तुम्हीच तर..."

"तू मला शिकवू नकोस!" असे खेकसले की मी चहा ठेवून बाजूला झाले. अख्खा डबा रिकामा केला. कॅप्टनने गाडी चालू करून एक फेरी मारली, आणि परत आला तो धुराचे लोट घेऊनच. जास्तीचं तेल एअर फिल्टरमध्ये शिरून खाली ठिबकत होतं. ह्यांनी ते हसण्यावारी नेलं. कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, हे पहिल्यांदा नाही. मागे तेलाचं बूच आवळायचंच राहिलं होतं. मी बोललो नाही."

संध्याकाळी हे स्टुलावर बसून होते. एकदम म्हणाले, "मी बंद गाडीत तेल बघितलं ना गं?"

"हो."

"उद्या ब्रेक विसरेन. कुणाचा तरी जीव जाईल." मग गॅरेजची चावी माझ्या हातावर ठेवली. "ही तू ठेव. मी मागेन, भांडेन, वाट्टेल ते बोलेन. द्यायची नाही. मला वचन दे." मी दिलं. दोघंही रडलो. इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्यासमोर असे कधी रडले नव्हते.

सकाळी कामाचे कपडे चढवून हे माझ्यासमोर हजर. "गॅरेजची चावी कुठाय?"

"माझ्याकडे. तुम्हीच ठेवायला दिलीत."

"मी? मी कशाला देईन? वेड लागलंय का मला?"

तेव्हापासून रोज तेच. रोज चावी मागतात, रोज मी नाही म्हणते. सुरुवातीला ओरडायचे, ते एक बरं होतं. मीही काही कमी नाही, उलट ओरडायचे. काल मात्र आवाज चढवला नाही. दारात उभे राहून माझ्यापुढे हात जोडले. "एकदाच उघड. मी अगदी नीट करीन."

मी नाही म्हणून मान हलवली.

"असं काय वाईट केलं होतं गं मी तुझं?" हे म्हणाले.