गाळणीवरचा धाकू

कोकणातल्या नाटे गावचा धाकू मुंबईत तूप करायचा. दुधाचं नव्हे, तेलाचं. कारखान्यातल्या बंद टाकीत शेंगदाण्याचं तेल तापवायचं, त्यात निकलची काळी भुकटी टाकायची आणि खालून हायड्रोजन नावाचा वायू सोडायचा. पुढे निवलं की ते तेल तुपासारखं थिजायचं. भुकटी मात्र जशीच्या तशी उरायची. ती कापडाच्या गाळणीवरून खरवडून पुन्हा टाकीत घालायची, हे काम धाकूकडे. गावी आल्यावर त्याने हे घरच्यांना सांगितलं.

"म्हंजे तुझी भुकटी आपल्या शेजारच्या लवूसारखी," त्याची आई येसूबाई म्हणाली. "दुसऱ्यांची लग्नं जमवतो नि आपण होता तसाच घरी!"

सगळे हसले. धाकूही हसला, पण पंच्याखाली झाकलेले हात त्याने बाहेर काढले नाहीत.

पौषात झालेली लेक त्याने आता वैशाखात प्रथम पाहिली, तीही लांबून. बायको राही पोरीला पुढे करी, तर हा मागे सरे. "निजू दे तिला," म्हणे. जेवायलाही घरापुढच्या खळ्याच्या कडेला, वेगळ्या पानावर बसे.

थंडीपासून त्याच्या बोटांच्या बेचक्यात लाली आली होती. मग कातडी फुटली, चिघळली, मनगटापर्यंत चढली. त्याच्या चाळीत लांज्याचा एक जण होता. त्याला महारोग झाला, तेव्हा खोलीतल्यांनी त्याची ट्रंक दाराबाहेर ठेवली होती. ते धाकूने पाहिलं होतं. म्हणून त्याने हात ना मुकादमाला दाखवले, ना डॉक्टरला. पोर एकदा डोळ्यांनी बघायची आणि जायचं ते कायमचं, एवढंच ठरवून तो बोटीत चढला होता.

त्या सकाळी राही खळ्यात आमसुलांसाठी रातांब्यांची सालं आगळात, म्हणजे त्यांच्याच मीठ घातलेल्या आंबट रसात, बुडवून वाळत घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अवो, मुलगी झाली म्हणून हात लावत नाय तिला?"

"असं काय बोलतेस गो!"

"मग काय बोलू? मुंबईत कोण दुसरी हाय काय?"

धाकूला राहवेना. पंचा बाजूला टाकून त्याने हात पुढे केले. "ह्ये बघ. महारोग हाय मला. आता कळलं?"

राही उठली. हात पुसायचंही तिला सुचलं नाही. आगळाने निथळत्या हातांनीच तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आई गं! सोड, सोड! आग आग झाली!" कोंबड्या फडफडत माडाखाली पळाल्या.

"झोंबतं?"

"जीव जातोय माझा!"

"खरंच झोंबतं?" ती हसत होती की रडत, कळेना. "माझ्या मामाला होता महारोग. निखारा हातात धरायचा, तरी कळायचं नाय त्याला. तुमी तर आगळाने बोंबलताय!"

तिने घागरभर पाणी ओतून त्याचे हात धुतले आणि रातांब्याच्या बियांचं घट्ट तेल, भिरंडेल, बोटाबोटांत चोळलं. "ती तुमची भुकटीच बाधली असंल. परत त्या गाळणीवर उभं राह्यचं नाय."

"डब्यांच्या खात्यात काम बघतो," धाकू म्हणाला.

ओरडा ऐकून येसूबाई पोरीला घेऊन बाहेर आली. "काय रे, विंचू चावला काय?"

"नाय. दे तिला," धाकू म्हणाला आणि तेलकट हात पसरले.

"अरे, मानेखाली हात घाल, मानेखाली! तुपाचा डबा नाय तो!"

धाकूने हात मानेखाली सरकवला. पोर त्याच्याकडे टकामका बघत राहिली.