पाच बोर्ड आणि अक्कांचा फोन

रविवारी सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात स्टोअरमधल्या दत्ताचा फोन आला. "अक्का गेल्या," एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "डोळ्यानं बघितलंस न्हवं?" पलीकडून तो कसाबसा बोलला, "व्हय. दवाखान्यातच हाय मी. हार्ट अ‍ॅटॅक." बायकोनं माझं बोलणं ऐकून कपाळाला हात लावला. मरणाची बातमी सांगणाऱ्याला असं कुणी विचारतं का? आमच्या कारखान्यातला कुणीही विचारेल. कारण तो प्रश्न मुळात अक्कांचाच.

सुरेखाअक्का गडहिंग्लजच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आमच्याकडं त्या मालकांच्याही अक्का होत्या. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम आणि असलेच काही भाग आम्ही मशीनवर घडवतो. मी तपासणी बघतो; कुठलं काम कधी, कुणाचं आधी, हे अक्का बघायच्या. पूर्वी हे सगळं फोनवर आणि भांडणावर चालायचं. मग प्रत्येक गिऱ्हाइकानं आपापला डिजिटल बोर्ड काढला. कॉम्प्युटरवर रकाने, त्यात कामांची कार्डं, काम पुढं गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. चार गिऱ्हाइकांचे चार आणि आमचा एक, असे पाच बोर्ड. त्यात गंमत अशी की 'झालं' या रकान्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. एकाचं 'झालं' म्हणजे खोक्यात भरलं, दुसऱ्याचं म्हणजे गाडीत चढलं, तिसऱ्याचं म्हणजे त्याच्या दारात उतरून त्यानं पसंत केलं. माझं तर ते बघूनच डोकं उठायचं.

अक्कांचं उठायचं नाही. सकाळी आल्या की पाची बोर्ड एकदा उघडायच्या, त्यातलं आज जे जायलाच पाहिजे तेवढंच आमच्या बोर्डावर 'आज'च्या रकान्यात आणायच्या आणि बाकीचे चार चक्क बंद करायच्या. पुन्हा उघडायच्या ते थेट जेवणानंतर. मी मधेच डोकावलो की खेकसायच्या, "सारखं बोर्ड बघून ड्रम तयार होत न्हाईत. जा, मशीन बघ." आणि त्यांचा दुसरा नियम म्हणजे, कुठलंही कार्ड 'झालं'मध्ये जाण्याआधी ते ज्याच्या नावावर आहे त्याला त्या फोन करायच्या. शेजारच्या खोलीत असला तरी फोनच. "डोळ्यानं बघितलंस न्हवं?" हो म्हटलं की, "मग सरकव की." आम्ही वैतागायचो. पाठीमागं त्यांची नक्कलही करायचो… माझी चांगली जमायची.

धाकट्या मालकांना हा फोनचा खटाटोप पसंत नव्हता. त्यांनी एकदा पाची बोर्ड एकमेकांना जोडून टाकले. एका ठिकाणी कार्ड हललं की बाकीचे चार आपोआप हलणार. अक्कांनी विरोध केला, पण मालक ते मालक. आठवडाभर सगळं झकास चाललं. मग एका दुपारी अक्कांचा मला फोन आला, "म्हावीर, ड्रमचा लॉट तपासून झाला म्हणून दाखवतंय. डोळ्यानं बघितलंस न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय अक्का, तो लॉट अजून हातात घेतला न्हाय." झालं होतं असं की नवीन माल ठेवायला जागा हवी म्हणून पॅकिंगवाल्यांनी तो लॉट खोक्यांत भरला आणि आपलं कार्ड सरकवलं. बाकीचं त्या जोडणीनं केलं. गिऱ्हाइकाच्या बोर्डावर 'तपासणी पूर्ण' उमटलं, गाडीला निरोप गेला, गाडी भरून निघालीसुद्धा.

ड्रायव्हर फोन उचलेना. मालकांची मोटार घेऊन आम्ही दोघं निघालो. हायवेचं काम चाललेलं, ठिकठिकाणी रस्ता वळवलेला. मी चालवत होतो. अक्का शेजारी पुन्हा पुन्हा नंबर लावत होत्या. एकदाच बोलल्या, "तुझे दाजी ट्रॅक्टरनं ऊस घिऊन उतारावरनं येत्यात. असलाच ड्रम असतोय खाली." किणीच्या टोलनाक्याच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी दिसली, पण ड्रायव्हर जेवून स्टिअरिंगवर बसलेला. अक्का मोटार थांबायच्या आधीच उतरल्या आणि सरळ त्या ट्रकपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "ओ पावणं, बंद करा गाडी!" तो खिडकीतून ओरडला, "अवो बाई, मोबाईलवर सगळं हिरवं दावतंय की!" अक्का म्हणाल्या, "हिरवं हाय, पण खरं न्हाय. फिरवा माघारी." माल परत आला. मी एकेक ड्रम हातात घेतला. काहींना आतून बारीक तडे होते… त्या संध्याकाळी धाकट्या मालकांनी स्वतःच जोडणी तोडली. त्यानंतर अक्कांची नक्कल मी कधी केली नाही.

अक्का गेल्यावर सोमवारी धाकट्या मालकांनी मला बोलावलं. "म्हावीर, तुला एकट्याला पाच बोर्ड झेपायचे न्हाईत. परत जोडूया." मला खरंच झेपणार नव्हते, पण तो ढाबा डोळ्यांपुढून जाईना. म्हटलं, "ड्रमचा चालू लॉट अक्कांच्या पद्धतीनं मला सोडू द्या. चुकलो तर जोडा." ते दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. एकदा तर गाडीत चढलेला माल गिऱ्हाईक पसंत करायच्या आधीच 'झालं' करायला निघालो होतो, ऐनवेळी हात आवरला. भीती वाटली की चार बोर्ड पुन्हा उघडावेसे वाटत. मी बंद करत होतो आणि फोन लावत होतो. हळूहळू माझं विचारून व्हायच्या आतच पलीकडून उत्तर यायला लागलं, "व्हय व्हय, डोळ्यानं बघितलंय!"

शेवटी एकच कार्ड राहिलं. लॉट सोडण्याआधीची शेवटची नजर. ती अक्का टाकायच्या, म्हणून कार्ड त्यांच्या नावावर. नाव बदलायला कुणाचा हात धजला नव्हता. मी ड्रम पुन्हा बघून आलो, खुर्चीत बसलो. धाकटे मालक मागं उभे होते. कार्ड ज्याच्या नावावर त्याला फोन… माझ्या बोटांनी नंबर लावलासुद्धा, आणि मग लक्षात आलं. ठेवणार, तोच फोन उचलला गेला. दाजी होते. अक्कांचा फोन ते अजून चार्ज करून ठेवतात. "दाजी… मी म्हावीर. ड्रमचं कार्ड हाय… अक्कांच्या नावावरचं."

रात्रपाळीचे फोन अक्का घरूनच करायच्या, इतकी वर्षं ते दाजींच्या कानांवर पडत आले होते. त्यांनी विचारलं, "डोळ्यानं बघितलंस न्हवं?"

"व्हय, दाजी."

"मग सरकव की."