मापट्यात किती ग्रॅम?

गिरणीत कितीही झाडलं तरी कोपऱ्यात थोडं पीठ राहतंच. गोष्टींचंही तसंच होतं. नवीन पनवेलला खांदा कॉलनीत माझी पिठाची गिरणी होती, तेव्हाच्या या गोष्टी. मी दळायचो, काट्यावर माझी बायको सुमन बसायची आणि तिच्याशेजारी स्टुलावर मागच्या बिल्डिंगमधल्या एस्तेरबाई. दळण नसलं तरी त्या यायच्याच!

*

एक बाई काठोकाठ डबाभर गहू घेऊन आल्या. दळले, तर पीठ त्याच डब्यात मावेना! बाई भडकल्या. "दुसऱ्याचं पीठ मिसळलंत तुम्ही!"

सुमनने वजन करून दाखवलं. उलट थोडं कमीच भरलं. बाई बुचकळ्यात पडल्या. "वजन कमी आणि पीठ जास्त? असं कसं हो?"

एस्तेरबाई म्हणाल्या, "गहू अंग चोरून बसतो. पीठ झालं की पसरतं. लग्नानंतर आपलं झालं तसं!"

बाई हसत हसत घरी गेल्या आणि दुसरा डबा घेऊन आल्या.

*

चिरनेरच्या एक आजी लेकीकडे आल्या की आमच्याकडे तांदूळ दळून न्यायच्या. सुमन विचारायची, "किती किलो, आजी?"

"किलो नाय माहीत. पायलीभर हाय."

एकदा सुमन म्हणाली, "आजी, मागच्या वेळी जास्त भरले होते."

"तवा तांदूळ येगला व्हता. माझी पायली तीच हाय. तुमचा काटाच दर येळी नवीन बोलतो!"

*

बँकेतले एक साहेब मुलीच्या वाढदिवसाला स्वतः केक करणार होते. "एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?" आम्हा कुणालाच सांगता येईना. शेवटी समोरच्या टपरीवरून चहाचा छोटा कप आणला, त्यात त्यांनीच आणलेला मैदा भरून वजन करून दिलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "केक कसा झाला, साहेब?"

"कटिंग झाला!"

*

एस्तेरबाई कोकणातल्या ज्यू. त्यांच्या सणाला तांदळाच्या पिठाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा करायच्या. पहिली ताटली आमच्याकडे यायची. पुढे मुलगा इस्रायलला गेला, मग याही निघाल्या. त्यांचं पितळी मापटं सुमनच्या हातात ठेवून म्हणाल्या, "विमानवाले वजन बघतात, माप नाही. हे तूच ठेव." त्या सामान बांधण्याच्या गडबडीत होत्या, म्हणून सुमननेच मापट्यात पीठ भरलं, काट्यावर ठेवलं आणि तिकडे हलव्याला लागेल तो ग्रॅमचा आकडा त्यांना सांगितला.

पुढच्या सणाआधी शेजारच्या मेडिकलमध्ये एस्तेरबाईंचा फोन आला. सुमन धावली, मागून मी.

"हलवा बसत नाही गं! पातळच राहतो. सून म्हणते, राहू दे, बाजारातून केक आणू."

सुमन विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही मापटं ठोकून भरता! मी नुसतंच भरलं होतं!"

मी मापटं, पीठ आणि काटा तिथेच आणला. सुमनने पीठ भरलं आणि रिसीव्हरजवळ मापटं काउंटरवर ठोकलं.

"असं?"

"जोरात!"

पीठ खाली बसलं, वर आणखी मावलं. वजन केलं. आकडा बराच वाढला होता. सुमनने तो सांगितला. पलीकडे एस्तेरबाईंनी मोठ्याने म्हणून पाठ केला.

"झालं ना? ठेवा आता. बिल वाढेल."

"थांब. आणखी एकदा ठोक."

"आता नाही बसायचं हो. गच्च झालंय."

"माहीत आहे. तू ठोक."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर अगदी जवळ धरला आणि ठोकलं.