मळ्यावरचे सिनेमे

१२ जून १९९४, रविवार. गवार निवडायला घेतली होती, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या, आमच्यासारख्याच परदेशात येऊन राहिलेल्या बाईंनी सिनेमा बघायला बोलावलं. ताट घेऊनच गेले.

उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या माणसांचे सिनेमे त्यांना फार आवडत. रडू आलं की कॅसेट थांबवायच्या, डोळे पुसायच्या आणि पुढे लावायच्या. त्या दिवशी गोऱ्या मालकानं मजुरांना कुंपणाबाहेर जायला बंदी केली, तेव्हा म्हणाल्या, "माणसं आहेत हो ती, गुरं नव्हेत." बोलता बोलता, मागे न बघताच, त्यांनी रिकामा कप खांद्यावरून मागे धरला. सोफ्यामागे उभ्या असलेल्या त्यांच्या मेडनं, दुसऱ्या देशातून घरकामाला आणलेल्या मुलीनं, तो घेतला.

"हिला रविवारची सुट्टी नाही?" मी विचारलं.

"सुट्टी दिली की पळतात. हिचा पासपोर्टही मी कुलपात ठेवलाय. तुम्ही तुमच्या मेडचा नाही ठेवलात?"

मी गवारीच्या शिरा काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मेडचा पासपोर्ट कपाटातून काढून मी तिच्या हातात दिला. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मला परत पाठवताय?"

नाही म्हणून तीनदा सांगितलं, तरी ती तो माझ्याकडेच सरकवत राहिली. शेवटी मी पासपोर्ट पुन्हा कपाटात ठेवला. तेव्हा कुठे ती भांडी घासायला वळली.