करकरणारी आई

केडगावच्या थांब्यावर मी रोज नगरची एसटी पकडायचो. तिथं एक झुपकेदार मिशांचे गृहस्थ यायचे. त्यांच्या वहाणा करकर वाजायच्या आणि त्याचा त्यांना भारी तोरा. गाडी येईपर्यंत उगीचच येरझारा घालायचे. माझं डोकं उठायचं.

एके दिवशी त्या करकरीमागून चिवचिवाट आला. पिल्लांची रांगच! पांढरी, तांबडी, कबरी, एकाच्या मानेवर तर पीसच नाही.

"शेजारपाजारची अंडी मागून खुडूक कोंबडीखाली ठिवली हुती, म्हनून असं कडबोळं," ते म्हणाले. "कोंबडी मुंगसानं नेली. तवापासून ही माझ्या वहानांलाच आय समजत्यात."

ते थांबले की पिल्लं वहाणांवर चढून डोळे मिटायची. इतक्यात एसटी आली. गृहस्थ घाईघाईनं समोरच्या आपल्या अंगणात गेले, मागोमाग पिल्लंही गेली. वहाणा तिथंच काढून ते अनवाणी पळत गाडीत चढले.

"अनवाणी?" मी विचारलं.

"लेकरांपाशी आय नको व्हय?"

गाडी हलली. पाहतो तर त्यांची बायको त्या ढगळ वहाणा घालून अंगणात करकरत निघाली होती, मागून सगळी वरात. यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"अगं, हळू चाल की! त्यांची आय अशी पळत न्हाई!"

पुढं कितीतरी दिवस ते अनवाणीच आले. येरझारा तशाच, पण आवाज नाही. मला काही करमेचना.